तात्यांनी पत्रिका कावून उघडली

उमापुरात त्रिंबकतात्यांना कुणी विचारलं, "तात्या, सध्या काय चाललंय?" तर ते म्हणायचे, "शेती बायको करती, बाजार पोरगं करतंय, मी आपला लोकांची लग्नं करतो." यात खोटं काहीच नव्हतं. पाच एकर कपाशीत तात्यांचं पाऊल पडलं की सुभद्राबाई खुरप्यावरून मान वर न करता म्हणायच्या, "या पाव्हणे, वाट चुकला जणू."

तीस वर्षांत तात्यांनी शे-सव्वाशे सोयरिकी जमवल्या. दलाली म्हणून कुणाकडून काही घेतलं नाही. चहा, फराळ, लग्नात फेटा आणि बोलायला विषय, एवढ्यावर गडी खूश. पूर्वी पोरींचे फोटो बंडीच्या आतल्या खिशात असायचे. मग फोन आला आणि सगळा संसार त्यात गेला. दोनशे दहा पोरी आणि सव्वातीनशे पोरं, जन्मवेळ, उंची, मामाचं कूळ, एकराचा आकडा. शिवाय कुणाच्या पोराला कोणत्या घरानं का नाकारलं, हे आवाजी निरोपांत भरून ठेवलेलं. तात्या म्हणायचे, "माझा फोन जर का बोलायला लागला, तर अर्ध्या तालुक्याला गाव सोडावं लागंल." असं म्हणणाऱ्या माणसानं फोनला कुलूप काय लावलं होतं? एक, दोन, तीन, चार.

तात्यांची दुसरी खोड पत्रिकेची. आपल्याकडची लग्नपत्रिका बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड. वर गणपती, मध्ये चार ओळींत नवरा-नवरी, आणि खाली नावांचा आठवडी बाजार. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, मग समस्त भावकी. नाव दोन ओळी खाली सरकलं तर रुसवा, गळालंच तर दोन पिढ्या अबोला. पत्रिका हाती आली की माणूस आधी आपलं नाव हुडकतो, मुहूर्त नंतर बघतो. तात्या तर पत्रिका तळापासून वर वाचायचे. कितीदा तरी नवऱ्या मुलाच्या नावापर्यंत पोचायच्या आधीच त्यांचा चहा येऊन निवून जायचा.

चैत्रातला गुरुवार होता. सकाळी आठच्या सुमाराला फोन वाजला. गेवराईच्या उत्तरेश्वर गुरुजींच्या नंबरावरून एक फाईल आली होती, वर लिहिलेलं: 'लग्नपत्रिका, अवश्य येणे'. आता गुरुजींच्या घरात लग्नाचं कुणी उरलंच नव्हतं. धाकट्या लेकीचं लग्न तात्यांनीच लावून दिलं होतं, आणि ही गोष्ट तालुक्यात त्यांच्याइतकी कुणालाच पक्की ठाऊक नव्हती. पण पत्रिका म्हटल्यावर तात्यांचं डोकं बाजूला सरकलं आणि बोट पुढं झालं. आपलं नाव स्वागतोत्सुकात टाकलंय की व्यवस्थापकात?

फोननं बिचाऱ्यानं सावध केलं. ही फाईल धोक्याची असू शकते, म्हणाला. तात्या पुटपुटले, "लगीनच हाय, धोका असायचाच." त्यांनी पुढं चला दाबलं.

मेसेज वाचू द्यायचे का? द्या.

संपर्क पाहू द्यायचे का? "पहा बाबा, माझं नाव हुडकायला लागत असंल."

फोन लावू द्यायचे का? "लाव की. आवतनाचे फोन असतील."

नव्या पाहुण्याला मोरी कुठं, माजघर कुठं, धान्याची कोठी कुठं हे दाखवत फिरावं, तसं तात्यांनी त्या फाईलला सगळं घर दाखवलं. एक चाक गरगर फिरलं, थांबलं. पत्रिका काही आली नाही. तात्यांनी फोन उलटा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तळाला काही नाही, वर काही नाही.

दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापला. तेवढ्यात भिंतीपलीकडून बायनाबाईचा आवाज आला. "ओ तात्या! कुणाचं लगीन काढलं? तुमच्या फोनवरनं पत्रिका आली, पण उघडंना मेली!"

तात्या भिंतीकडे धावले. "उघडू नको!" ते ओरडले.

"कावून? आमाला आवतन न्हाई का मग?"

"आगं, मी धाडलीच न्हाई!"

व्हॉट्सॲप उघडून पाहिलं तर तिथं लिहिलेलं, तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू झाला आहे. म्हणजे तात्या आता कुठंतरी दुसरीकडेच तात्या होते. तिथं बसून ते उभ्या जिल्ह्याला पत्रिका वाटत होते, आणि इथले तात्या दारात लुंगीवर उभे होते.

बायनाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "तांदळात घालून ठिवा. आमच्या सुरजचा फोन तांदळानंच नीट झालता."

"तो हौदात पडलता, बायना," सुभद्राबाई म्हणाल्या. "ह्यो शहाणपणात पडलाय." मग नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अहो, काय केलं काय तुमी?"

"काय न्हाई गं. गुरुजींची पत्रिका आलती."

"गुरुजींच्या घरी कुणाचं लगीन राहिलंय?"

यावर तात्या काहीच बोलले नाहीत. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून सुभद्राबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गावात यावर उपाय करणारं एकच माणूस होतं, आणि तिच्याच दारात जायचं म्हणजे तात्यांना जीव नकोसा. मनिषा. पुण्यातली नोकरी सोडून तिनं बसथांब्यापाशी दुकान टाकलं होतं. झेरॉक्स, सातबारा, पीकविमा आणि मोबाईलची दुरुस्ती. मागं तिला एक स्थळ आलं होतं. तेव्हा पाहुण्यांसमोर तात्या म्हणाले होते, "पोरगी गुणाची हाय, पण दिवसभर हातात स्क्रू ड्रायव्हर. नवऱ्याचे पेच ढिले करील." पाहुणे हसले आणि ते वाक्य गेवराईपर्यंत गेलं. पाहुणे मात्र परत आले नाहीत.

तात्यांना दुकानाच्या पायरीवर पाहून मनिषा म्हणाली, "या तात्या. आज कुणाचे पेच ढिले झाले?"

"माझेच," तात्या म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

तिनं फोन हातात घेतला. आधी त्याचं इंटरनेट तोडलं, मग टाचणीनं सिमकार्ड बाहेर काढलं. "आता ह्याला बाहेर बोलता येत न्हाई. काय उघडलंत?"

"पत्रिका."

"पत्रिका फोटो असती न्हाई तर पीडीएफ असती, तात्या. तिच्या शेपटाला एपीके लिहिलेलं असलं की ती पत्रिका न्हाई, ते ॲप असतंय. चोराच्या हातात तुमी घराची किल्ली दिली. बँकेचे मेसेज, ओटीपी, समदं त्याला दिसत व्हतं. त्यानं तुमच्याच ओटीपीनं तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर घेतलं."

"पण गुरुजींकडनं आलतं गं!"

"गुरुजींनी बी कुणाची तरी उघडली असंल. जशी आता तुमच्या नावावर लोक उघडायलेत."

तिनं दुकानातल्या फोनवरून आधी बँकेला कळवून खातं थांबवलं, मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरावर तक्रार नोंदवली. नंतर सुभद्राबाईंचा बटणांचा जुना फोन मागवून तात्यांचं सिम त्यात टाकलं, म्हणजे नवा ओटीपी चोराला दिसू नये. तो ओटीपी दुकानातल्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये घालताच चोर बाहेर फेकला गेला. पण त्याआधीच त्यानं स्वतःचा पिन टाकून दाराला आतून कडी घातली होती.

"सात दिवस थांबावं लागंल," मनिषा म्हणाली. "मग तुमी आत जाल. तो पिन तुमी आधीच टाकून ठिवला असता तर ही येळ आली नसती."

"आन फोन?"

"कोरा करावा लागतोय. मुळापासनं. तवाच खात्री."

"आन त्यातले दोनशे दहा बायोडाटे?"

"तात्या, ते जायचेच हायेत. प्रश्न ह्यो हाय की, चोरानं नेले का. नेले असतील, नसतील, मी सांगू शकत न्हाई. तक्रारीत लिहिलंय तसं. लोकांच्या पोरी हायेत त्या."

हे ऐकून तात्या स्टुलावर बसले ते बसलेच. आजवर लोक म्हणायचे, तात्या, फोटू बाहेर जाऊ देऊ नका, आणि तात्या छातीला हात लावून सांगायचे, "ह्यो खिसा म्हंजी देवघर." आता देवघराला एक-दोन-तीन-चारचं कुलूप लावून ते स्वतःच चोराला पुजारी समजून आत सोडून आले होते.

आणि मग त्यांना आठवलं नेकनूर. रविवारची बैठक.

नेकनूरच्या बजरंगची रोहिणी. बजरंगची पंधरा वर्षं ऊसतोडीत गेली, नवरा-बायकोचा कोयता दर दिवाळीनंतर कारखान्यावर. पोरगी आजीजवळ राहून शिकली, फार्मसी केली, बीडात औषधांच्या दुकानात लागली. स्थळ होतं कपिलधारच्या वाटेवरच्या सुंदररावांचा अभिमन्यू. सुंदरराव म्हणजे बारमाही विहीर, वीस एकर, एकेकाळी पंचायत समितीत होते. अभिमन्यूनं रोहिणीला पाहून घरात सांगितलं होतं, हीच. सुंदरराव हो म्हणाले, पण घशात काटा अडकल्यासारखे. बजरंगही हो म्हणाला, पण त्याच्या मनात एकच: मोठ्या घरचा शब्द, कधी फिरंल सांगता येत न्हाई. चार महिने दोन्हीकडे चहा पिऊन पिऊन तात्यांनी ही गाठ रविवारपर्यंत आणली होती.

आणि आता लग्न जमवणाऱ्याच्या फोनवरून दोन्ही घरी लग्नपत्रिका गेली होती. नाव नाही, गाव नाही, उघडत नाही.

"मनिषा," तात्या म्हणाले, "बजरंगला वाटंल सुंदररावांनी पोराचं दुसरीकडं जमवलं. आन मी तोंड लपवून नुसती पत्रिका धाडली."

"मग फोन करा की."

तात्यांचं सिम मनिषानं खबरदारी म्हणून काढून ठेवलं होतं, पण सुभद्राबाईंचा बटणांचा फोन हातात होता. तात्यांनी बोट उचललं आणि तसंच हवेत राहिलं. पाचशेवर घरांची कुळं तोंडपाठ असलेल्या माणसाला एकाही घराचा नंबर पाठ नव्हता. स्वतःचासुद्धा शेवटचे दोन आकडे सोडून.

संध्याकाळी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून तात्यांनी गावाला सांगितलं, "माझ्या नंबरावरनं आलेली पत्रिका कुणी उघडू नका. एक विषाणू आलाय, तो आपोआप घुसतोय." आपोआप हा शब्द त्यांनी जरा जोर देऊनच म्हटला. देवळाच्या पायरीवर मनिषा उभी होती. तिनं भुवई वर केली.

शुक्रवारी सकाळी तात्या नेकनूरला जायला निघाले, तर बसथांब्यावर त्यांच्या आधी नेकनूरच येऊन उतरलं. बजरंग, मागं रोहिणी. बजरंगनं रामराम केला नाही.

"तात्या, फोन कावून बंद ठिवला?"

"आरं, त्याचं असं झालं..."

"पत्रिका धाडून फोन बंद. आमी कोयतेवाले हाव, पण खुळे न्हाई. त्यांना आमचं घर नको व्हतं तर तोंडावर सांगायचं. पोरीनं दुकानात रविवारची सुट्टी मागून ठिवलीय, हे ठावं हाय का तुमाला?"

रोहिणी वडिलांचा सदरा ओढत होती. "दादा, आधी ऐका तर. मी कवाचं सांगायले, ती पत्रिका न्हाईच."

तात्यांनी दोघांना मनिषाच्या दुकानात बसवलं, कारण घरी नेलं असतं तर सुभद्राबाईंनी चहाआधी खरं सांगितलं असतं. तोंड उघडणार एवढ्यात पांढरी जीप थांबली. सुंदरराव उतरले, मागून अभिमन्यू. बजरंगला पाहताच सुंदररावांची मान ताठ झाली.

"बरं झालं, दोघं एकाच जागी सापडला," ते म्हणाले. "त्रिंबकराव, पोरीचं दुसरीकडं जमवलं असंल तर आमाला हसू करायची काय गरज व्हती? पत्रिका धाडता?"

"आमी जमवलं?" बजरंग उठून उभा राहिला. "का तुमी?"

"मी कावून जमवू बे? माझं पोरगं सोमवारपासनं नवा सदरा शिवायला टाकून बसलंय!"

अभिमन्यूनं मान खाली घातली. रोहिणीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच झेरॉक्स मशीनकडे.

तात्यांनी हात जोडले. "कुणीच कुणाचं जमवलं न्हाई. ती पत्रिका चोराची हाय. विषाणू. माझ्या फोनात आपोआप घुसला."

"आपोआप?" सुंदरराव म्हणाले. पंचायत समितीत बसलेला माणूस, दुसऱ्याची थाप वासावरून ओळखायचा. "त्रिंबकराव, तुमी तालुक्याला टोप्या घालणारा माणूस. तुमच्या फोनात कोन आपोआप घुसल? तुमी कायतरी लपवायला लागलाय."

बजरंगनं पिशवी उचलली. "चल गं रोहिणी."

रोहिणी उठली नाही, पण वडिलांनी हाताला धरल्यावर उठावंच लागलं. दोघं पायरीपर्यंत गेले. तात्यांनी मनिषाकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. तिनं ठरवलंच होतं जणू.

"थांब बजरंग," तात्या म्हणाले. "आपोआप न्हाई. मीच उघडली."

"कावून?"

तात्यांनी घसा खाकरला. दुकानाबाहेर एव्हाना बसची वाट पाहणारी पंधरा-वीस माणसं जमली होती. बायनाबाई सगळ्यांत पुढं.

"माझं नाव हुडकायला."

कुणाला कळलं नाही.

"पत्रिकेत, तळाशी. माझं नाव स्वागतोत्सुकात टाकलंय का व्यवस्थापकात, ते बघायला. फोन म्हणाला धोका हाय, मी म्हणलं असू दे. फोन म्हणाला संपर्क बघू का, मला वाटलं माझंच नाव हुडकतोय. गुरुजींच्या घरी लगीन करण्याजोगं कुणी न्हाई हे मला ठावं व्हतं. तरी उघडली. झालं? चौसष्टाव्या वर्षी, बुढ्ढा माणूस, नावासाठी गेला."

मग बायनाबाई खो खो हसत सुटली आणि तिच्यामागं सगळा बसथांबा. बजरंग हसला नाही, पण त्यानं पिशवी खाली ठेवली. तात्यांवर त्याचा विश्वास एका झटक्यात बसला, कारण असलं खोटं कुणी जुळवून सांगत नसतं, आणि तात्यांना ओळखणाऱ्याला तर हे खरंच वाटणार.

सुंदरराव मात्र खिशातून फोन काढत होते, परत घालत होते.

मनिषानं ते टिपलं. "अण्णा, तुमचा फोन गरम व्हतोय का?"

"जरा," सुंदरराव म्हणाले. मग आवाज अगदी खाली नेऊन, "मी बी उघडलती."

"कशाला?" तात्यांनी विचारलं. खरं तर त्यांना ठाऊक होतं. पण असला घास सोडायचा तात्यांचा धर्म नव्हता.

सुंदरराव बाहेरच्या गर्दीकडे पाठ करून म्हणाले, "मला वाटलं, दुसरीकडं जमवलं तर जमवलं, पण पाव्हण्यांनी माझं नाव प्रमुख उपस्थितीत टाकलंय का तेवढं बघावं."

आता बजरंगही हसला. इतका की त्याला काउंटरला धरावं लागलं. वीस एकरवाला आणि कोयतेवाला त्या एका हसण्यात एकाच ओळीला आले. चार महिने तात्यांना जे जमलं नव्हतं, ते असं जमलं.

मनिषानं सुंदररावांचा फोन घेतला, इंटरनेट तोडलं, टाचणी हातात घेतली. तेवढ्यात रोहिणीनं अभिमन्यूला थेट विचारलं. बापासमोर, मध्यस्थासमोर, बसथांब्यासमोर.

"तुमी उघडली का?"

"न्हाई," अभिमन्यू म्हणाला. "पत्रिका बघायला मेसेज वाचायची परवानगी कशाला लागती? म्हणून तात्यांना फोन लावला. सतरा येळा. लागंना, म्हणून अण्णांना सांगायला गेलो."

"मग?"

"तवर अण्णांनी उघडलती."

रोहिणी हसली नाही, पण तिनं ओढणीचं टोक सोडलं. "मी बी उघडली न्हाई. दादांचा फोन त्यांच्या हातातनं काढून घेतला." मग ती तात्यांकडे वळली. "तात्या, माझा फोटू तुमच्या फोनात व्हता ना?"

तात्यांच्या तोंडचं हसू गेलं. "व्हता गं."

"त्याचं पुढं काय?"

"फोन कोरा केला. पण चोरानं नेला का न्हाई, ते कुणालाच सांगता येत न्हाई, पोरी. तक्रार केलीय. कुठं दिसला तर मला सांग, मी सोबत पोलिसांत येतो. आजपासनं एकाही पोरीचा फोटू मी फोनात ठिवणार न्हाई."

"खरं सांगितलं, बरं केलं," रोहिणी म्हणाली. मग वडिलांना म्हणाली, "दादा, एवढ्या लांब आलोच हाव. रविवारी कशाला परत भाडं खर्चायचं? बसा की आताच."

बजरंगनं सुंदररावांकडे पाहिलं. सुंदररावांचा घशातला काटा गेला होता, कारण घशातून आता दुसरंच बाहेर आलं होतं. "बसा," ते म्हणाले. शेजारच्या टपरीवरून सुपारी आणली गेली आणि मनिषाच्या काउंटरवर, झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारी, रोहिणी-अभिमन्यूची सुपारी फुटली. तात्या पाहत होते. तीस वर्षांत एवढी चांगली सोयरीक झाली नव्हती, आणि तिचा खरा मध्यस्थ कुठल्या गावचा चोर होता, देव जाणे.

मनिषानं त्यांना बाजूला घेऊन त्यांचा कोरा फोन दिला. "नवा पिन टाका. एक-दोन-तीन-चार न्हाई. आन तुमची जन्मतारीख बी न्हाई, ती समद्या गावाला पाठ हाय. मला बी सांगू नका."

"मनिषा," तात्या म्हणाले, "ते पेचाचं मी बोललो व्हतो..."

"मला ठावं हाय. पिन टाका."

पाहुणे गेले, आणि तात्यांची खरी शिक्षा तेव्हा सुरू झाली. वर्षातली सगळ्यांत मोठी बातमी पोटात, आणि व्हॉट्सॲप सात दिवस बंद. नंबर एकाचाही नाही. दुपारपर्यंत त्यांनी कसंबसं धरलं. मग ते उठले आणि बसथांब्यावर जाऊन बसले. गेवराईची बस आली, माणसं उतरली.

"ऐकलं का? नेकनूरच्या रोहिणीचं जमलं!"

"ते ऱ्हाऊ द्या तात्या. आधी सांगा, तुमी पत्रिका कावून उघडली?"

पहिल्या बसला तात्या चिडले. दुसऱ्या बसला त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. तिसऱ्या बसला "लगीनच हाय, धोका असायचाच" यावर लोक इतके हसले की तात्यांनी ते दोनदा म्हटलं. पाचच्या बसपर्यंत तर कुणी विचारायची वाटच त्यांनी पाहिली नाही. माणसं पायरीवरून खाली उतरायच्या आत ते उभे राहून सांगायला लागले, "या, बसा. मी कसा येड्यात निघालो ते आधी ऐका, मग कुणाचं लगीन जमलं ते सांगतो. आन पुढं ध्यान देऊन ऐका बरं का, शेपटाला एपीके असलं की..."